चौथ्यांदा शिकाऊ

पत्र :

ताई, मी कोल्हापूरजवळच्या एका गावात राहतो. वय ६१. सतराव्या वर्षी सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या एका पेंटरकडे डबे धुवायला लागलो आणि पुढची वीस-बावीस वर्षं ब्रश हातातून सुटला नाही. मग फ्लेक्स आला, हाताचं काम संपलं. कर्ज काढून फोटो स्टुडिओ टाकला. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. मोबाइल आले आणि तेही आटलं. मधे हौशी मंडळींसाठी राज्य नाट्य स्पर्धेची नेपथ्यं केली, दोनदा बक्षीसही मिळालं. आता गेल्या दिवाळीपासून मातीत हात घातलाय. माणसाचा चेहरा मातीत करायचा आहे, दुसरं काही सुचत नाही. मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता पुरे.’ एक जुना मित्र म्हणाला, ‘तुझं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या.’ पहिला चेहरा केला तो समोरून बरा दिसत होता, बाजूने पाहिला तर ताटासारखा चपटा. डोळ्यांखाली सुरीने रेघा मारून सावली आणायला गेलो, तर तरण्या पोराचा म्हातारा झाला. मी कुठल्याच कलेशी इमान राखलं नाही का? आणि एकसष्टीला चौथी सुरुवात करणं हा खुळेपणा आहे का? बायको काही बोलत नाही. तिने फक्त स्टुडिओची मागची खोली रिकामी करून दिली.

– एक पेंटर, करवीर तालुका

उत्तर :

दादा,

तुमचं पत्र बरंच मोठं होतं, इथे थोडकंच छापलंय. मूळ पत्रात मित्राचं ते वाक्य तुम्ही तीन वेळा लिहिलंय. म्हणजे ते कुठे रुतून बसलंय हे कळतं. म्हणून आधी त्याचाच निकाल लावू.

ज्याने एकही वस्त्र पुरतं शिवलं नाही, नुसते तुकडे फाडून ठेवले, त्याच्याकडे चिंध्या जमतात. तुम्ही वीस-बावीस वर्षं बॅनर रंगवले. त्यावर घर चाललं, मुलगा शिकला. ते धडच होतं. फ्लेक्स आल्यावर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पेंटरांच्या हातून काम गेलं, तसं तुमच्याही हातून गेलं. तुम्ही कंटाळून ब्रश टाकला नव्हता. स्टुडिओचंही तेच. कंटाळा आला की सोडतो, अवघड वाट आली की सोडतो, तो धरसोड करणारा. तुमच्या पत्रात असं सोडलेलं मला एकही काम दिसलं नाही.

मग तो शब्द एवढा का लागला? मला वाटतं, पहिल्या वेळी तुम्हाला फ्लेक्सने ढकललं आणि दुसऱ्या वेळी मोबाइलने. कोणी विचारलं तर सांगायला कारण होतं : पोटासाठी केलं. नेपथ्याच्या वेळी निदान नाटकमंडळी बोलवायला येत होती. या वेळी मात्र कोणी ढकललेलं नाही आणि कोणी बोलावलेलंही नाही. मातीची ओढ तुमची तुम्हालाच लागली. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही निव्वळ मनाच्या ओढीने उंबरा ओलांडताय, आणि त्याला पोटाचं कारण जोडता येत नाही म्हणून स्वतःलाच अपराधी ठरवताय. मित्राने काही वेगळं सांगितलं नाही. तुमच्या मनात होतं तेच तो मोठ्याने बोलला.

तुम्ही करवीरचे. बाबूराव पेंटरांचं नाव तुम्हाला मी सांगायला नको. पण त्यांच्या कामातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा आठवते आणि ती तुमच्या चपट्या चेहऱ्याशी थेट जोडलेली आहे.

बाबूराव १८९० सालचे. आडनाव मेस्त्री. कुठल्या कलाशाळेची पायरी न चढता, चुलतभाऊ आनंदरावांच्या जोडीने ते नाटकांचे पडदे रंगवू लागले आणि तेवढ्यावर दोघांचं मोठं नाव झालं. पडदा म्हणजे काय हे नेपथ्य केलेल्या माणसाला सांगायला नको. सपाट कापड, आणि त्यावर राजवाड्याचे खांब मागे मागे जाताना दिसले पाहिजेत, जंगलात वाट आत शिरली पाहिजे. कापडावर खोली भासवणं हाच त्या कलेचा जीव. मग दोघा भावांना सिनेमाने झपाटलं. स्वतःचा कॅमेरा करायचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, कॅमेरा अर्धाच होता. बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली पहिला चित्रपट लोकांपुढे आणला.

आणि सिनेमात आल्यावर या माणसाने काय केलं? ज्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता तो रंगवलेला पडदाच त्यांनी बाजूला केला. पात्रांच्या मागे चितारलेला वाडा टांगण्याऐवजी माणसं ज्यात वावरू शकतील अशी भरीव, खोली असलेली दृश्यं उभी केली. विचार करा दादा, किती सोपं होतं पडदा टांगणं! तो त्यांच्याइतका सुंदर दुसरं कोण रंगवणार होतं? पण कॅमेऱ्यापुढे खरा खांब उभा केला की त्याची सावली तोच पाडतो, ती रंगवावी लागत नाही, हे त्यांनी ओळखलं.

आता तुमच्या पत्रातल्या त्या सुरीच्या रेघांकडे या. बॅनरवर डोळ्यांखालची सावली तुम्ही रंगाने आणत होता. निळसर करडा एक फटकारा मारला की वीस फुटांवरून नायकाचे डोळे खोल दिसायचे. तो तुमचा हुकमी हात होता, पोट त्याच्यावर चाललं. मातीपुढे बसल्यावर बोटांनी तेच केलं. सुरीने रेघ मारली, म्हणजे मातीवर सावली *चितारली*. पण मातीत सावली चितारता येत नाही. गालाचं हाड जेवढं पुढे यायला हवं तेवढं आणलं आणि डोळ्याची खोबण जेवढी आत जायला हवी तेवढी नेली, की खिडकीतून येणारा उजेड सावली आपोआप पाडतो. तुमच्या हातून चूक झाली ती अडाणीपणाने झालेली नाही, उलट फार जुन्या तरबेजपणाने झाली आहे. म्हणूनच ती दिसायला उशीर लागतो. नव्या कलेत शिरताना जे सगळ्यांत चांगलं येतं तेच आधी खाली ठेवावं लागतं, आणि ते फार जड जातं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. चौतीस वर्षांची होईपर्यंत मी संगीत नाटकातून गात होते. एका दुखण्यात आवाज गेला. तो परत आला, पण गाण्याच्या कामाचा राहिला नाही. वर्षभर घरात बसल्यावर मी बाहुलीनाट्य शिकायला गेले. शिकवणारी मुलगी तेवीस वर्षांची होती. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं, मी अमुक नाटकात होते, तमुक गावी वन्समोअर घेतलाय. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या हातात कात्री आणि फोमचा तुकडा दिला. पुढचे तीन महिने माझी बाहुली हलायचीच नाही. कारण मी तिचा आवाज सुंदर काढत होते. सगळा जीव गळ्यात आणि मनगट लाकडासारखं. एक दिवस ती मुलगी म्हणाली, ‘आज कोणी बोलायचं नाही. बाहुलीने फक्त पाणी प्यायचं.’ त्या दिवशी आवाजाशिवाय मी उघडी पडले. वर्गात सगळ्यांत वाईट माझी बाहुली होती. घरी येऊन रडले. पण मनगट त्या दिवसापासून जागं झालं.

मग जुनं सगळं वाया जातं का? मुळीच नाही. पाच-सहा वर्षांनी लक्षात आलं की बाहुली कधी थांबवायची हे मला इतरांपेक्षा बरं कळतं. गाण्यात समेपाशी येताना श्वास कुठे धरायचा हे अंगात मुरलेलं होतं, ते बोटांत उतरलं. मी ते आणायला गेले नव्हते. ते मागाहून आलं.

तुमच्याजवळही असं काही आहे आणि ते नुसत्या शिल्पकाराजवळ नसतं. थिएटरच्या कपाळावर चढणारा चेहरा खालून पाहिला जातो. खालून पाहणाऱ्याला हनुवटी मोठी आणि कपाळ आखूड दिसतं, याचा हिशोब लहान फोटोवर चौकटी आखून तोच चेहरा मोठ्या कापडावर नेताना तुम्हाला किती वेळा करावा लागला असेल! चौथऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पुतळ्याचं दुखणं नेमकं हेच असतं. मान वर करून पाहिल्यावर अंगापेक्षा डोकं लहान वाटणारे पुतळे आपण सगळ्यांनीच चौकाचौकात पाहिलेत. तुमचा डोळा इथे कामाला येईल. पण आज नाही. आज त्या डोळ्याला थोडं थांबायला सांगा, आधी हाताला माती कळू दे.

इमान राखलं नाही, असं तुम्ही लिहिता. इमान कुणाशी, दादा? एनामलच्या डब्याशी की माणसाच्या चेहऱ्याशी? तुमची चार कामं शेजारी मांडून बघा. बॅनरवर चेहरे. स्टुडिओत चेहरे. नेपथ्य हे चेहऱ्यांच्या मागे काय असावं त्याचं काम. आणि आता माती, तर पुन्हा चेहराच. तुम्ही चाळीस वर्षांत विषय एकदाही बदललेला नाही. हत्यारं बदलली.

फाळक्यांचं आयुष्य वरवर पाहिलं तर तुमच्या मित्राने त्यांनाही तीच म्हण ऐकवली असती. जे. जे. मध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात आणखी शिक्षण, गोध्र्यात फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना. त्यात भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीत पुन्हा हात रिकामे. त्यानंतर १९१३ साली त्यांनी पहिला चित्रपट दाखवला. पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यांत भावतं ते त्याच्या आधीचं. लंडनहून कॅमेरा आणला होता, भांडवल कोणी देत नव्हतं. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर तो वाढताना रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर तो अंकुर सरसर वर आला आणि पैसे देणाऱ्याची खात्री पटली. मोठी कथा, राजे, अरण्य यातलं काही नाही. एक कुंडी, आणि रोज कॅमेऱ्यापाशी जायचं. तुमच्या मुलाला शब्दांनी पटवत बसू नका. तुमची एक कुंडी तयार करा.

आणखी एक. तुम्ही ‘चौथी सुरुवात’ म्हणता तशी ती कोऱ्या पाटीवरची नसते. रवींद्रनाथ साठीच्या पुढे चित्रांकडे वळले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. ती चित्रं उगवली कुठून? कवितेच्या हस्तलिखितांतून. जे शब्द खोडले, त्या खोडण्या त्यांना तशाच विद्रूप ठेवायला आवडेना. एक खोडणी दुसरीला जोडली, तिला चोच आली, पंख आले, होता होता पानावर कुठलासा प्राणी उभा राहिला. कवितेने टाकून दिलेल्यातून चित्र निघालं. तुमच्याकडेही असं टाकलेलं काहीतरी असणार. स्टुडिओत गिऱ्हाईक ‘हा नको’ म्हणून सोडून गेलेले फोटो, ज्यात मान वळलेली आहे, कोणी शिंकतोय, कोणी बाजूला बघतोय. ते जपून ठेवले असतील तर बाहेर काढा. समोर बघून हसणाऱ्या नवरदेवापेक्षा मातीला ते जास्त शिकवतील.

जुनं काम सोडल्याची दवंडी मात्र पिटू नका. कोणी बोर्ड रंगवून मागितला तर रंगवून द्या. नेपथ्य आलं तर करा. अरुण कोलटकर जे. जे. मध्ये शिकले, जाहिरातीच्या धंद्यात नावाजलेले कलादिग्दर्शक होते, आणि कविता मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे चालू होती. १९७७ चा मराठी संग्रह आणि नंतरचे संग्रह यांच्यात पाव शतकाचं अंतर आहे. त्यांनी एक कला बंद करून दुसरी उघडली असं कधी दिसत नाही. दोन्ही आपापल्या गतीने वाहत राहिल्या.

आता कामाचं.

पहिली गोष्ट, चेहरा करू नका. डोकं करा. तुम्ही चेहरा करायला बसता म्हणून तो ताट होतो. कुणाला तरी खुर्चीत बसवून बाजूने नीट पाहा. कान आपण समजतो तसा चेहऱ्याच्या कडेला नसतो, बाजूने पाहिलं तर तो डोक्याच्या जवळजवळ मध्यावर येतो. त्याच्यामागे जवळपास तेवढंच डोकं उरतं. ते मागचं अर्धं चाळीस वर्षांत तुम्हाला कधी लागलंच नाही, कारण कापडाला मागची बाजू नव्हती. म्हणून महिनाभर नाक-डोळे विसरा. कवटीचा अंड्यासारखा गोळा, मान, मानेची पुढे झुकलेली कललेली चाल, एवढंच करा आणि मोडा. काम फिरत्या पाटावर ठेवा आणि दर थोड्या वेळाने फिरवा. एकाच बाजूला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला की तुमचा बॅनर सुरू झाला असं समजा.

आत सांगाडा हवा. लोखंडी सळी, तार, आणि तारेला बांधून आत लोंबते सोडलेले लाकडाचे तुकडे, म्हणजे ओली माती वजनाने खाली घसरत नाही. रात्री ओलं फडकं आणि वरून प्लास्टिक. हे सगळं वाचून समजतं, पण हाताला येत नाही, म्हणून कोणाकडे तरी जाऊन बसा. गणपती झाले की कोल्हापूरच्या कुंभार मंडळींना जरा सवड असते. त्यांच्यात साच्यासाठीची पहिली मूर्ती हाताने घडवणारे कारागीर असतात, त्यांना गाठा. तो तुमच्या मुलापेक्षा लहान निघाला तरी त्याला गुरू म्हणा. आणि पहिल्या दिवशी बक्षिसांचं बोलू नका. माझे तीन महिने त्यात गेले, तुमचे जाऊ नयेत.

वयाबद्दल खोटं बोलणार नाही. बाबूराव कंपनीतून बाहेर पडल्यावर पुन्हा चित्रांकडे आणि शिल्पाकडे वळले, पण मूर्तिकाम त्यांच्या हातात तरुणपणापासून होतं. तुमच्या हातात ते नव्हतं. ओळखू येईल आणि जिवंत वाटेल असं डोकं हातून घडायला पाच-सहा वर्षं जातील असं धरून चला. चौकातला पुतळा कदाचित कधीच मिळणार नाही. तो मिळवण्यासाठी हे करत असाल तर मुलाचं ऐका. पण तुमच्या पत्रात पुतळा हा शब्दच नाही, चेहरा हा शब्द अकरा वेळा आहे. मी मोजलाय. एकसष्ट ते सदुसष्ट ही वर्षं तशीही जाणारच आहेत, मातीत गेली तर तुम्हाला त्यांचा हिशोब लागेल.

मुलाची काळजी मात्र खरी आहे, तिला झटकून टाकू नका. त्याने तुम्हाला स्टुडिओच्या कर्जाचे हप्ते फेडताना पाहिलंय. ‘बाबा, पुरे’ याचा अर्थ त्याच्या तोंडी ‘बाबा, पुन्हा कर्ज नको’ असा असू शकतो. त्याला समोर बसवून महिन्याला किती रुपये मातीवर, प्लास्टरवर आणि येण्या-जाण्यावर जातील तो आकडा सांगा. कर्ज काढणार नाही हा शब्द द्या आणि तो पाळा. माती स्वस्त आहे, मोडली की भिजवून पुन्हा वापरता येते. बॅनरचा रंग आणि फोटोचा कागद तसा नव्हता.

मित्राला उत्तर देऊ नका. वर्षभराने चहाला बोलवा आणि त्याला त्या खोलीत बसवा.

राहता राहिल्या वहिनी. ‘बायको काही बोलत नाही’ असं लिहून तुम्ही पुढच्या वाक्यात सांगता की तिने खोली रिकामी करून दिली. मूळ पत्रात तर हेही होतं की मोरीच्या नळाला रबरी पाइप जोडून तो खोलीपर्यंत तिनेच आणला, माती भिजवायला. दादा, कुणी एखादी खोली अशी उगाच रिकामी करत नाही. जुन्या अल्बमचे गठ्ठे, दिव्यांचे स्टँड, पार्श्वभूमीचे गुंडाळलेले पडदे, हे सगळं एकटीने हलवायला किती दिवस लागले असतील ते विचारा एकदा. घरातलं सगळ्यांत स्पष्ट उत्तर तुम्हाला कधीच मिळालेलं आहे.

कवटीचा महिना संपला की खुर्चीत त्यांनाच बसवा. नकोच म्हणतील, तरी बसवा. सुरुवात मागून करा : मान, कानामागचा उतार, अंबाड्याचं वजन मान कशी तोलते ते. नाक-डोळ्यांची घाई नाही. जमेल तसा फोटो काढून मला पाठवा, चेहरा अजून झालेला नसला तरी चालेल.

– तुमची ताई